शिक्षकाची पारख आणि शिक्षकाचा पगार

सुताराने दिवसभर खपून केलेला पाट संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या पुढ्यात येतो. तो डुगडुगतो की नाही, हे गिऱ्हाईक हाताने दाबून पाहते आणि ठरलेले पैसे मोजून देते. शिक्षकाचे काम असे कोणाच्या पुढ्यात ठेवता येत नाही. बिगारीच्या वर्गात ज्याने मुलाकडून अक्षर गिरवून घेतले, त्याच्या श्रमांचे फळ दहा-पंधरा वर्षांनी दिसू लागते. आणि तेव्हाही ते त्या एकट्याचे असत नाही. घरची माणसे, पुढच्या इयत्तांचे शिक्षक, मुलाची प्रकृती आणि त्याची स्वतःची बुद्धी ह्या सर्वांचा त्यात वाटा असतो. असे असले तरी शिक्षकाला पगार महिन्याच्या महिन्याला द्यावा लागतो आणि तो किती द्यावयाचा हे कोणाला तरी ठरवावे लागते.

येथे दोन प्रश्न एकमेकांसमोर उभे राहतात. कर भरणारे गावकरी विचारतात, ‘आमच्या पैशाचे चीज होते की नाही, हे आम्ही कशावरून ओळखावे?’ शिक्षक विचारतो, ‘माझ्या कामाचे मोल कोण ठरविणार, आणि कोणत्या मापाने?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत. शाळेचा कारभार जेथे स्थानिक लोकांच्या हाती असतो, तेथे तर ते अधिकच तीव्र होतात. कारण पगार देणारा, पारख करणारा आणि ज्याच्या मुलांना शिकवावयाचे तो, हे तिघे तेथे पुष्कळदा एकच असतात. गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत ह्या प्रश्नांची उत्तरे निरनिराळ्या देशांनी निरनिराळ्या रीतींनी शोधली. त्यांपैकी इंग्लंड आणि अमेरिका ह्या दोन देशांचा अनुभव विशेष बोधप्रद आहे.

इंग्लंडात लोकांनी चालविलेल्या शाळांना सरकारी मदत १८३३ साली सुरू झाली. ती वाढत वाढत १८६१ च्या सुमारास आठ लाख पौंडांच्या घरात गेली, तेव्हा पार्लमेंटात कुरकुर सुरू झाली. त्या वेळी शिक्षणखात्याचा कारभार रॉबर्ट लो ह्यांच्याकडे होता. त्यांनी १८६२ साली नवे नियम जारी केले. ‘निकालाप्रमाणे पैसा’ ह्या नावाने प्रसिद्ध झालेली पद्धत ती हीच. तिचे गणित सोपे होते. हजेरीबद्दल दर मुलामागे ४ शिलिंग मिळत. पुरेसे दिवस हजर राहिलेल्या मुलाची वाचन, लेखन आणि अंकगणित ह्या तीन विषयांत तपासनीस परीक्षा घेई. तिन्हींत उत्तीर्ण झाल्यास आणखी ८ शिलिंग मिळत, आणि प्रत्येक नापास विषयामागे त्यांतून २ शिलिंग ८ पेन्स कापले जात. पूर्वी प्रमाणपत्रधारी शिक्षकाला सरकारकडून काही रक्कम थेट मिळत असे, तीही आता बंद झाली. सगळी रक्कम शाळेच्या चालकांच्या हाती जाऊ लागली आणि शिक्षकाने आपला पगार त्यांच्याशी घासाघीस करून ठरवावा, असे झाले. पुष्कळ ठिकाणी तो पगार निकालाच्या रकमेशी बांधला गेला.

खर्च उतरला, ह्यात संशय नाही. १८६५ पर्यंत सरकारी मदत साडेसहा लाख पौंडांच्या खाली आली. परंतु वर्गात काय झाले? ज्या विषयांना पैसे नव्हते ते इतिहास-भूगोलासारखे विषय मागे पडले. हुशार मूल तसेही उत्तीर्ण होणार म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष झाले, आणि काठावरच्या मुलाकडून तेच तेच पुस्तक घोकून घेतले जाऊ लागले. कवी म्हणून ख्याती पावलेले मॅथ्यू आर्नल्ड हे त्या काळी शाळातपासनीस होते. त्यांनी ह्या पद्धतीवर निर्भीडपणे टीका केली. नेमलेले पुस्तक धडाधड वाचणाऱ्या मुलाला दुसऱ्या पुस्तकातील साधा उतारा वाचता येईलच असे नाही, हे त्यांनी दाखवून दिले. तपासनीस हा पूर्वी शिक्षकाला चार गोष्टी सुचविणारा जाणता माणूस होता. आता तो शिलिंग-पेन्सचा हिशेबनीस झाला. त्याला पाहताच शिक्षकाने आपल्या अडचणी लपवाव्यात हे स्वाभाविकच होते. १८९० पासून ही पद्धत सैल होत गेली आणि ते शतक संपण्यापूर्वी नाहीशी झाली.

ह्या वाऱ्याची झुळूक मुंबई इलाख्यातही आली होती. १८६० नंतरच्या दशकात खाजगी शाळांना निकालावरून ग्रँट देण्याची पद्धत येथे सुरू झाली. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुले ह्यांनी जे निवेदन सादर केले, त्यात ह्या विषयाचा मोठ्या मार्मिकपणे विचार केलेला आढळतो. ज्या समाजात शिक्षणाची गोडी अजून लागलेली नाही, तेथे निकालाची पद्धत उपयोगी नाही. कारण अशा लोकांत जाऊन काम करण्यास कोणता शिक्षक पुढे येईल, असा त्यांचा आक्षेप होता. खेड्यातील शिक्षकाचा पगार दरमहा १२ रुपयांहून कमी नसावा आणि मोठ्या गावी तो निदान १५ ते २० रुपये असावा, अशी त्यांची मागणी होती. ज्याची पुष्कळ मुले उत्तीर्ण होतील त्याला उत्तेजन म्हणून काही जादा भत्ता द्यावा, असेही त्यांनी सुचविले; परंतु तो पगाराखेरीज. निर्वाहाची रक्कम आधी पक्की करावी आणि बक्षीस त्यावर द्यावे, हा क्रम त्यांनी सोडला नाही. पुढे सव्वाशेहून अधिक वर्षांनी अमेरिकेतील एका संपन्न शहराला ज्या चुकीची जाणीव झाली, ती टाळण्याची वाट ह्या क्रमातच होती.

अमेरिकेत शाळा हे गावचे खाते मानले जाते. तेथील राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेख नाही. तो अधिकार घटक राज्यांकडे आहे, आणि राज्यांनी तो बव्हंशी लहान लहान शाळा-विभागांना दिलेला आहे. १९४० च्या सुमारास असे विभाग एक लाख सतरा हजारांच्या वर होते. एकत्रीकरण होत होत आता ते सुमारे तेरा हजार उरले आहेत. बहुतेक ठिकाणी विभागाचे मंडळ लोकांनी निवडलेले असते आणि खर्चाचा मोठा भाग घरादारांवरील करातून येतो. जुन्या काळी खेड्यातील मंडळ शिक्षकाला वर्षाच्या बोलीवर नेमी, आणि अनेक ठिकाणी त्याने पाळीपाळीने विद्यार्थ्यांच्या घरी राहावे व जेवावे, अशी रीत होती. ज्याच्या पानावर जेवावयाचे, त्याच्याच मुलाला नापास कसे करावे, हा पेच अशा शिक्षकाला पडत असला पाहिजे. बायकांना पुरुषांहून कमी पगार मिळे, आणि लग्न होताच त्यांची नोकरी जाण्याचा प्रघातही पुष्कळ ठिकाणी होता.

ह्या अन्यायाविरुद्ध शिकागो शहरातील शिक्षिकांनी दिलेला लढा संस्मरणीय आहे. १८९७ साली त्यांनी आपला संघ स्थापन केला. पगारवाढीस पैसा नाही, असे मंडळाने सांगितले, तेव्हा मार्गारेट हेली आणि कॅथरीन गॉगिन ह्या दोघींनी कराच्या वह्या चाळल्या. शहरातील रस्ते वापरून व्यापार करणाऱ्या मोठ्या कंपन्यांवर कायद्याने बसणारा कर आकारलाच जात नाही, असे त्यांना आढळले. त्यांनी कोर्टाची पायरी चढली, आणि १९०१ साली इलिनॉय राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पैसा आला, परंतु मंडळाने तो कोळशाची बिले आणि डागडुजी ह्यांकडे वळविला. शिक्षिका पुन्हा कोर्टात गेल्या आणि १९०४ साली पुन्हा जिंकल्या. ‘पैसा नाही’ हे वाक्य ऐकून परत फिरण्यापूर्वी हिशेब पाहावा, हा धडा तेव्हापासून शिक्षकवर्गाने गाठीशी बांधला.

पुढचे पाऊल १९२१ साली पडले. डेन्व्हर आणि डी मॉइन ह्या दोन शहरांनी सर्व शिक्षकांसाठी एकच पगारश्रेणी ठरविली. बालवर्ग असो की हायस्कूल, शिक्षक पुरुष असो की स्त्री, पगार दोनच गोष्टींवर ठरावयाचा: शिक्षण किती झाले आणि नोकरी किती वर्षे झाली. १९५० पर्यंत बहुतेक सर्व शहरांनी ही रीत उचलली. इंग्लंडातही ह्याच सुमारास, १९१९ साली, बर्नहॅम समिती स्थापन झाली. नेमणूक करणाऱ्या स्थानिक संस्थांचे व शिक्षकांचे प्रतिनिधी एका मेजाभोवती बसवून पगाराच्या श्रेणी ठरविण्याचे काम ह्या समितीने १९८७ पर्यंत केले. दोन्ही व्यवस्थांचा मोठा गुण असा की, शिक्षकाला आपला पुढील वर्षाचा पगार कागदावर आधीच वाचता येऊ लागला. कोणाची मर्जी सांभाळण्याची गरज उरली नाही.

परंतु श्रेणीलाही उणिवा आहेत, आणि त्या झाकण्यात अर्थ नाही. जीव ओतून शिकवणारा आणि घड्याळाकडे पाहून तास ढकलणारा, ह्या दोघांना ती सारखीच वाढ देते. गरीब वस्तीतील शाळेत काम करणे अधिक कष्टाचे असते. त्याची ती दखल घेत नाही. शिवाय, प्रत्येक शहराची श्रेणी वेगळी. आणि शहराची ऐपत ही तेथील घरांच्या किमतीवर अवलंबून. टेक्सस राज्यातील सॅन अँटोनिओ शहरातील दोन विभागांचे उदाहरण १९७३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आले होते. १९६७-६८ साली एजवूड ह्या गरीब विभागाचे लोक दर शंभर डॉलर मालमत्तेमागे १ डॉलर ५ सेंट कर भरीत, आणि त्यातून दर मुलामागे २६ डॉलर जमत. अलामो हाइट्स ह्या श्रीमंत विभागाचे लोक फक्त ८५ सेंट भरीत, आणि त्यांचे दर मुलामागे ३३३ डॉलर जमत. इतरत्रची मदत धरूनही हे प्रमाण ३५६ डॉलरांस ५९४ डॉलर असे पडे. न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हा प्रश्न राज्यांवर सोपविला. टेक्ससच्या वरिष्ठ न्यायालयाने १९८९ साली ही व्यवस्था राज्यघटनेविरुद्ध ठरविली. तात्पर्य, गावाची कळकळ कितीही मोठी असली, तरी ती एकटी चांगल्या शिक्षकाला पुरेसा पगार देऊ शकत नाही. शाळा चालविण्याचा अधिकार गावाकडे असावा. पण पगाराचा भार मोठ्या भांडारातून उचलला गेला पाहिजे.

राहिला प्रश्न पारख करण्याचा. अलीकडच्या काळात तो संख्याशास्त्राने सोडविण्याचा प्रयत्न झाला. मागील वर्षांच्या गुणांवरून एखाद्या मुलाला यंदा किती गुण पडावेत ह्याचा अंदाज बांधावयाचा. प्रत्यक्ष गुण त्याहून अधिक पडले तर ते शिक्षकाचे श्रेय, आणि कमी पडले तर त्याचा दोष. १८६२ च्या परीक्षेहून ही रीत निश्चितच अधिक समंजस आहे, कारण मूल कोठून निघाले हे ती पाहते. तथापि, पंचवीस-तीस मुलांच्या वर्गात दोन-चार मुले परीक्षेच्या दिवशी आजारी पडली, तरी सरासरी हलते. अमेरिकेतील संख्याशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१४ साली स्पष्ट केले की, मुलांच्या गुणांत जो फरक दिसतो त्यापैकी केवळ १ ते १४ टक्के फरक शिक्षकामुळे पडतो, असे बहुतेक अभ्यासांत आढळते. ह्यूस्टन शहरात अशा आकड्यांवरून शिक्षकांना कामावरून काढण्याची तजवीज होती. परंतु आकडा काढण्याची रीत खाजगी कंपनीचे गुपित होती. आपला आकडा बरोबर की चूक हे ज्याला पडताळता येत नाही, त्याला न्याय मिळाला असे म्हणता येईल काय, हा प्रश्न न्यायालयाने २०१७ साली गंभीर मानला, आणि त्याच वर्षी तडजोड होऊन तो वापर थांबला.

निदान बक्षिसाच्या आशेने तरी शिकवणे सुधारते काय, हेही पडताळून पाहण्यात आले. नॅशव्हिल शहरात २००६ ते २००९ ह्या तीन वर्षांत गणिताच्या सुमारे तीनशे शिक्षकांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले गेले. एका गटाला, मुलांची प्रगती विशेष झाल्यास, वर्षाला ५ हजारांपासून १५ हजार डॉलरांपर्यंत बक्षीस मिळावयाचे होते. दुसऱ्या गटाला काही नव्हते. शेवटी दोन्ही गटांच्या मुलांत एकंदरीत फरक आढळला नाही. ह्यातून शिक्षक पैशाविषयी उदासीन आहेत असे सिद्ध होत नाही. जो आधीच आपल्या परीने शिकवीत आहे, त्याला अधिक चांगले शिकवण्याची युक्ती बक्षिसाने सुचत नाही, एवढेच त्यातून दिसते.

ज्या डेन्व्हरने १९२१ साली एकच श्रेणी आणली, त्याच डेन्व्हरने ती मोडण्याचाही प्रयोग केला. तो कोणी वरून लादलेला नव्हता. काही शाळांत आधी चार वर्षे अनुभव घेण्यात आला. २००४ साली शिक्षकसंघाच्या ५९ टक्के सभासदांनी संमती दिली. आणि २००५ साली नागरिकांनी स्वतःच्या मताने वर्षाला अडीच कोटी डॉलरांचा वाढीव कर अंगावर घेतला. अवघड शाळेत काम करणाऱ्यास, दुर्मिळ विषय शिकवणाऱ्यास, नवे ज्ञान मिळवणाऱ्यास आणि मुलांची प्रगती दाखवणाऱ्यास निरनिराळ्या रकमा मिळू लागल्या. हेतू चांगला, संमती बहुमताची आणि पैसाही नवा. तरीही २०१९ च्या फेब्रुवारीत त्याच शहराचे शिक्षक तीन दिवस संपावर गेले. पंचवीस वर्षांत तेथे असा संप झाला नव्हता. रकमा दरवर्षी बदलत. त्यामुळे पुढील वर्षी हाती किती येईल, घरभाडे कसे भागेल, हे सांगता येत नसे. मूळ पगार मात्र त्या मानाने वाढत नव्हता. शेवटी तडजोड झाली ती अशी: मूळ पगारात ७ ते ११ टक्के वाढ, वीस पायऱ्यांची स्पष्ट श्रेणी आणि बक्षिसांत कपात. गरीब वस्तीच्या शाळांसाठीचा भत्ता मात्र कायम राहिला. फुले ह्यांनी सुचविलेला क्रमच ह्या तडजोडीत पुन्हा दिसतो.

महाराष्ट्राच्या इतिहासातही स्थानिक कारभाराचा असा एक अध्याय आहे. १९२३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातील प्राथमिक शाळा लोकल बोर्डांकडे आणि नगरपालिकांकडे सोपविण्यात आल्या. लोकांनी आपल्या शाळा आपण चालवाव्यात, हे तत्त्व उदात्त होते. परंतु नेमणुका व बदल्या निवडणुकीच्या राजकारणाच्या कक्षेत आल्या, की शिक्षकाचे लक्ष फळ्यावरून उडून सभासदांच्या उंबऱ्याकडे जाते. १९३८ साली कायद्यात दुरुस्ती होऊन शाळांची तपासणी सरकारने पुन्हा आपल्याकडे घेतली आणि प्रशासकीय अधिकारी हा सरकारी नोकर झाला. १९६२ पासून ग्रामीण भागातील प्राथमिक शाळा जिल्हा परिषदांकडे आहेत, आणि शिक्षकांच्या पगाराची श्रेणी राज्य ठरविते. कारभार जवळचा आणि श्रेणी दूरची, ही विभागणी अशा अनुभवांतून आली आहे. ती उगाच झालेली नाही.

ह्या सर्व अनुभवांचे सार असे निघते की, पारख आणि पगार ह्या दोन गोष्टी एकाच तागडीत घातल्या म्हणजे दोन्ही बिघडतात. पगाराचा उद्देश हा की, चांगला माणूस ह्या धंद्यात यावा, टिकावा आणि घरच्या चिंतेने त्याचे मन वर्गातून बाहेर जाऊ नये. म्हणून न्याय्य पगार तोच, जो शिक्षकाला आधी कागदावर मांडता येतो. पारखीचा उद्देश हा की, उद्याचा तास आजच्याहून चांगला व्हावा. म्हणून न्याय्य पारख तीच, जिच्यातून शिक्षकाला काही शिकता येते. २००९ ते २०१२ ह्या काळात अमेरिकेतील सुमारे तीन हजार शिक्षकांच्या वर्गांचा जो मोठा अभ्यास झाला, त्यातही असे दिसले की, एकाच निरीक्षकाच्या मतावर विसंबण्यापेक्षा निरीक्षक एकाहून अधिक असल्यास निर्णय अधिक भरवशाचा होतो. निरीक्षक जाणते असावेत, त्यांनी वर्षातून अनेक वेळा यावे, कसोट्या आधी सांगितलेल्या असाव्यात, आणि तास संपल्यावर शिक्षकाशी बसून बोलावे. सुधारण्याची संधी देऊनही जो सुधारत नाही, त्याला दूर करण्याची वाट मोकळी असावी. पण त्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घेतले गेले पाहिजे. गावाने काय पाहावे? शिक्षक वेळेवर येतो काय, मुलांत भेदभाव करतो काय, मुले शाळेत जाण्यास नाखूश असतात काय, हे आईबापांइतके कोणालाच कळत नाही; आणि त्यांच्या तक्रारीची दाद लागलीच पाहिजे.

सुशिक्षित घरांतून मुलांच्या शिकवणीवर आज पुष्कळ खर्च होतो, आणि शाळेतील शिक्षकाविषयी मत बनविले जाते ते वार्षिक परीक्षेच्या गुणपत्रिकेवरून. त्या गुणपत्रिकेवर शिक्षकाचे नाव नसते, आणि ते नसावे हेच योग्य. तो कसा शिकवतो हे पाहावयाचे असेल, तर मुलाची वही उघडावी. चुकीच्या उदाहरणाखाली नुसती फुली आहे, की कोठे चुकले हे दाखविणारी एक ओळ आहे, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. त्या एका ओळीसाठी लागणारा वेळ आणि स्वस्थता शिक्षकाला मिळवून देणे हेच न्याय्य पगाराचे काम आहे.